टेबलाला आवळलेलं घर

माझी काकू कोणाच्या हातातून कात्री घेत नसे. "टेबलावर ठेव, मी उचलते," म्हणायची. हातातून हातात धारेची वस्तू गेली की मध्ये कोणाचं तरी बोट येतं, एवढंच तिचं म्हणणं. शाळेचे गणवेश शिवून देणाऱ्या एका दुकानात मापं घेण्यात आणि कापड बेतण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. निरोपाच्या दिवशी मालकाने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याची टिकटिक शिलाई मशीनच्या तालात बसत नाही म्हणून तिने ते दुसऱ्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकलं. उंचीने ती बेताची होती, आवाजाने अजिबात नाही.

माणसाचा चेहरा ती नंतर बघायची, आधी खांदे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा मला आत बोलावून म्हणाली, "डावा खांदा जरा उतरलाय, बाकी ठीक." हा डावा म्हणजे त्याचा डावा. उभा जन्म लोकांच्या समोर टेप घेऊन उभं राहिल्यामुळे सांगणाऱ्याचं डावं-उजवं तेच तिच्या लेखी खरं डावं-उजवं झालं होतं. तुम्ही तिच्यासमोर बसून "डावीकडचा डबा दे" म्हणालात की तिचा हात न विचारता, न अडखळता तिच्या उजवीकडे जायचा. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे, कारण पुढे याच सवयीने आम्हाला चांगलंच गोत्यात आणलं.

काका पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. पंपाच्या घरघरीतला फरक ऐकून कुठलं बेअरिंग जाणार हे ते सांगायचे, आणि घरी आले की लाकडाची जहाजं करत बसायचे. शिडाची, चाकाची, मासेमारीची, वीतभर लांबीची, बोटभर उंचीची. कपाटावर जहाजं, खिडकीत जहाजं, फ्रिजवर जहाजं. आजूबाजूचे लोक त्यांना 'आरमार' म्हणत. काकूला या आरमाराचा मनापासून तिटकारा होता. तिच्या पांढऱ्या कापडावर भुसा उडायचा, आणि त्यावरून आठवड्यातून एकदा तरी घर डोक्यावर घेतलं जायचं. पण एक तह दोघांनी पाळला: त्यांच्या हत्यारांच्या पेटीला तिने कधी हात लावला नाही आणि तिच्या कात्रीने त्यांनी कधी साधा कागदसुद्धा कापला नाही.

मग काकांच्या डोळ्यांतला दाब वाढला. औषधं झाली, शेवटी शस्त्रक्रिया झाली, आणि तिचा उपयोग झाला नाही. उजेड कुठे आहे एवढं कळायचं, तेही पुढे कळेनासं झालं.

इस्पितळात एक गोष्ट घडली. तिथली नर्स त्यांना बाथरूमचं दार लावू देईना. "पडलात तर आम्हाला कळायला नको?" ती म्हणाली, आणि तिचंही चूक नव्हतं. काकू दाराशी उभी, दार उघडं, पलीकडच्या खाटेवरचा माणूस सगळं बघतोय, अशा अवस्थेत काकांना राहावं लागलं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ते भिंतीला हात लावत आपल्या जुन्या बाथरूमपर्यंत गेले, कडी घातली, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. काकूने मला हे सांगितलं तेव्हा ती हातातल्या कापडाच्या सुरकुत्या नखाने मोडत होती.

जुन्या घरात त्यांचं ठीक चाललं होतं. तिथली प्रत्येक चौकट त्यांच्या कोपराला माहीत होती. चहा स्वतः करायचे, रेडिओ स्वतः लावायचे. आणि नेमकी तीच इमारत धोकादायक ठरली. सगळ्या भाडेकरूंना सोडायला सांगितलं, बदल्यात गावाच्या कडेला तळमजल्यावर एक लहान घर मिळालं. लोकांनी पेढ्यासारखं गोड तोंड करून अभिनंदन केलं. काका म्हणाले, "मी येत नाही."

"येत नाही म्हणजे? इथे छत डोक्यावर घेऊन बसणार का?" काकू म्हणाली.

"तिथे मला हाताला धरून न्यावं लागणार. पाणी प्यायला हात, झोपायला हात, बाथरूमला हात. मला नाही जमायचं. अंधांसाठी संस्था असतात, तिथे माझं नाव घाल. तिथली माणसं त्याच कामासाठी असतात. तू सुखाने नव्या घरात राहा."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाले. मी तिथेच बसले होते. काकूने माझ्याकडे पाहिलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. संस्थेत चौकशी करायचं काम माझ्यावर आलं. मी केली. एक जागा होती, पुढच्या महिन्यात रिकामी होणार होती, आणि हो-नाही कळवायला त्यांनी नंबर दिला होता. तो माझ्या पर्समध्ये तसाच राहिला.

दोन-तीन दिवसांनी काकूने मला टेप घेऊन नव्या घरी नेलं. रिकाम्या खोल्यांत ती गिऱ्हाइकाभोवती फिरावी तशी फिरली. भिंतीची लांबी, दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची. मोठ्याने आकडे सांगायची, मी लिहायचं. घर साधंच होतं: पुढच्या दाराने आत गेलं की बाहेरची खोली, मग सरळ एक बोळ. बोळात डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला बाथरूम, टोकाला झोपायची खोली आणि तिच्यामागे गॅलरी. परत येताना ती म्हणाली, "कपडा अंगावर घालायच्या आधी हाताने बघतातच ना माणसं? मग घर का नको?"

घरी येऊन तिने काकांना विचारलं, "अहो, तुमची पेटी उघडू का?"

काकांनी मान वर केली. "कशाला?"

"घर बेतायचंय. लहान. तुमच्या हातात मावेल असं."

मला वाटलं, आता नाही म्हणणार. पण ते म्हणाले, "वरच्या कप्प्यातली सुरी घेऊ नकोस. तिची धार गेलीय."

अशी ती शिकवणी सुरू झाली. मी आठवड्यातून एक-दोनदा जायचे आणि दर वेळी एखादा तमाशा बघायला मिळायचा. पहिला तमाशा धारेचा. काकूचं म्हणणं असं की धार कमी ती सुरी बरी, शिकणाऱ्याला लागत नाही. काकांनी कपाळाला हात लावला. "उलटं आहे, अगं. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी सटकली की थांबत नाही. धार असली की नुसतं वजन पुरतं. तू बोथट कात्रीने कापड कापतेस का?" काकूने धार लावायच्या दगडावर तेल घेतलं. काका ऐकत बसले. "अजून. अजून. दुसरी बाजू. आता बस," असं आवाजावरून सांगत राहिले. पंपघरातले कान होते ते. प्लायवर सुरी फिरायला लागली की खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही ते म्हणायचे, "एका झटक्यात कापायला जाऊ नकोस. पहिला हात नुसती रेघ ओढायला. मग त्याच रेघेतून हलके हलके फिरव, लाकूड आपोआप सुटतं." आणि खरंच सुटायचं.

काकूचे जुने हात मध्ये मध्ये यायचे. पहिली भिंत कापून तिने काकांच्या हातात दिली. त्यांनी ती खाचेत बसवून पाहिली, ती दोन्ही टोकांना बाहेर आली. "माप काय घेतलंस?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. "मग ही जास्त का?" काकू म्हणाली, "शिलाईत दाबायला नको का थोडं?" काका हसायला लागले. किती तरी दिवसांत हसले नव्हते, त्यामुळे त्यांना खोकला आला. "लाकूड दुमडत नाही, बाईसाहेब!" मग त्या सगळ्या जास्तीच्या भिंतींना कानस लावायचं काम तिच्या नशिबी आलं, आणि ती कानशीला शिव्या देत बसली.

दुसरी खोड जास्त वाईट होती. शिंप्याच्या मांडीवरून काहीही घसरलं की गुडघे आपोआप जवळ येतात. लाकूड कोरायची पटाशी टेबलावरून गडगडली तेव्हा काकूने तेच केलं. नशीब बलवत्तर, पटाशी साडीच्या निऱ्यांत अडकली. काकांनी फक्त आवाज ऐकला होता, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पडणारं हत्यार पकडायचं नाही! पडू दे! पाय मागे आणि हात वर! पटाशीला दगडावर पुन्हा धार लावता येते, मांडीला नाही." हे ते इतक्या जोरात ओरडले की शेजारीण दारात आली. त्यानंतर काकू उभी राहून काम करायला लागली. बाह्या कोपरापर्यंत, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलचा गॉगल. पॉलिश पेपर घासताना नाकातोंडाला फडकं. त्या वेषात ती बँक लुटायला निघाल्यासारखी दिसायची, आणि मी ते काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तरी मी म्हणतो, घरात पैसे कुठून येतात."

पण सगळ्यांवर वरचढ नियम एकच होता. हत्यार एका हातात आणि लाकूड दुसऱ्या हातात, हे चालणार नाही. लाकूड टेबलाला आवळायचं, आणि मोकळा हात पात्याच्या मागे. पुढे कधीच नाही. म्हणून घराचा तळ, म्हणजे ज्या फळीवर भिंती उभ्या राहणार होत्या ती फळी, दोन क्लॅम्पनी जेवायच्या टेबलाला आवळली गेली. उजेड खिडकीचा होता, त्यामुळे काकू खिडकीच्या बाजूला, आणि पुढचं दार तिच्या अंगाला. काकांना उजेडाशी काही देणंघेणं नव्हतं, ते समोरच्या खुर्चीत. आवळलेली फळी काही सुटली नाही. कारण सरस वाळेपर्यंत हलवायचं नाही हा काकांचाच दुसरा नियम, आणि काही ना काही सतत वाळतच असायचं. जेवणं ताटं मांडीवर घेऊन व्हायला लागली.

हत्यारं ठेवायलाही पद्धत होती. पेटीतून निघालेलं प्रत्येक हत्यार एका उथळ ट्रेमध्ये, आपल्या ठरल्या जागी, मूठ काकांकडे आणि पातं बुचात खोचलेलं. काकाही त्या ट्रेमध्ये हात घालायचे म्हणून हे. एकदा मी कौतुकाने एक लहान सुरी उचलून पाहिली आणि भलतीकडे ठेवली. काकूने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत ट्रेच्या वाटेला गेले नाही.

भिंती उभ्या राहिल्या, दारं बसली, खाटेच्या जागी एक ठोकळा बसला. दारं खरोखर उघडायची. संध्याकाळी काका दोन बोटं घेऊन घरात शिरायचे, तर्जनी आणि मधलं बोट, दोन पायांसारखी. बोळातून चालायचे, चौकटीला थबकायचे, वळायचे. बाथरूमशी पोचले की म्हणायचे, "हे डावीकडे." काकू समोरून म्हणायची, "बरोबर, डावीकडे." स्वयंपाकघराशी, "हे उजवीकडे." "बरोबर." मी तिथे बसून माझ्या मोबाइलमध्ये बघत असायचे.

एके दिवशी काका म्हणाले, "बाथरूमला आतून कडी कर."

"इतकी बारीक? काडीएवढी होईल."

"होऊ दे. मला सरकवून बघायचीय."

ती कडीच नडली. इतका बारीक तुकडा कुठल्याही क्लॅम्पमध्ये पकडला जाईना. काकूने अर्धा दिवस खटपट केली, मग सुईत दोरा ओवताना धरावा तसा तो तुकडा चिमटीत धरला आणि पातं स्वतःच्या दिशेने ओढलं. काका त्या वेळी आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. तिने बोट फडक्यात गुंडाळलं, नळाखाली धरलं, भरपूर दाबून धरलं, रक्त थांबलं तेव्हा औषध लावून पट्टी बांधली. ओठातून आवाज नाही. पण काका बाहेर आले, टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "औषधाचा वास येतोय."

"काही नाही, खरचटलंय."

"हात दे."

तिने दिला. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि पट्टी किती जाड आहे यावरून जखम किती हे त्यांना कळलं असावं. मी नेमकी तेव्हाच आत आले होते. काका तिच्यावर असे चिडून ओरडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "बंद कर हे सगळं! मला दिसत नाही म्हणून तुझा हात तोडून घेणारेस? हातावर जगलीस तू! तूच पुतणीला सांग, कळवून टाक त्या संस्थेत. जागा आहे ना? येतो म्हणावं."

घर टेबलाला आवळलेलं तसंच राहिलं, त्यावर काकूने जुनी चादर टाकली. मला बाहेर दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तू काही कळवू नकोस हं. जरा थांब." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. "मी एकटी नाही राहायची त्या घरात. मला त्यांचा भुसा लागतो."

पुढच्या वेळी गेले तर चादर घडी करून बाजूला ठेवलेली. काकांच्या हातात एक लाकडाची पट्टी होती आणि ते स्वतः, डोळ्यांशिवाय, तिला पॉलिश पेपर घासत होते. कोण आधी बोललं, कोणी माघार घेतली, याचा मला दोघांनीही पत्ता लागू दिला नाही. काकांनी काकूकडून एक ठोकळा करून घेतला होता. खालून एक पट्टी, ती टेबलाच्या कडेला अडायची, आणि वरून एक पट्टी, तिच्या खाचेत लहान तुकडा टेकायचा. बोटाचं काम लाकडाने करायचं. "बारीक तुकडा आधी कापून मग घडवायला गेलीस, तिथे चुकलं," काका म्हणाले. "लांब पट्टीच्या टोकाला कडी घडव. पट्टी क्लॅम्पमध्ये राहील. सगळं झालं की शेवटी टोक कापून घे." काकूने तसं केलं. कडी झाली. काडीएवढी, गुळगुळीत, कुठे कुसळ नाही. काकांनी नखाच्या टोकाने ती सरकवली. बसली. पुन्हा उघडली, पुन्हा सरकवली. त्या संध्याकाळी ते दुसऱ्या कुठल्या खोलीत गेलेच नाहीत.

घर सोडायचा दिवस आला. क्लॅम्प त्या दिवशी पहिल्यांदा सुटले. आरमार वर्तमानपत्रांत गुंडाळून खोक्यांत गेलं, टेबलासकट मोठं सामान सकाळीच पुढे गेलं. लहान घर काकूने गाडीत मांडीवर घेतलं. "आता ते कशाला?" काका म्हणाले. "मला पाठ आहे सगळं." ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले होते. परीक्षेला निघाल्यासारखे, असं मला वाटलं.

नव्या घराचं दार उघडलं. काकूने सवयीने हात पुढे केला. काकांनी तो बाजूला केला, चपला काढल्या आणि आत गेले. बाहेरची खोली सरळ ओलांडली. बोळाची चौकट हाताला लागली, त्यांनी मान हलवली. मग ते न थांबता डावीकडे वळले, हात पुढे धरून, बाथरूमचं दार शोधत.

त्यांचा हात थंड ओट्यावर पडला. ते नळापर्यंत चाचपडले, नळाची तोटी धरून उभे राहिले. "हे स्वयंपाकघर आहे," ते म्हणाले.

काकूचं तोंड उतरलं. ते मागे आले, बोळात आले, पुन्हा चौकट शोधली, पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला गोंधळून अर्ध्यातच थांबले आणि बोळात मधोमध उभे राहिले. दोन्ही हात थोडे पुढे. त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला बघवेना.

"मी मापं चुकले नाही," काकू म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "टेपने घेतली होती. तुलाही माहितीय ना?"

मी हो म्हणाले. त्याने काय होणार होतं?

काका एका खोक्यावर बसले. माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले, "तो संस्थेचा नंबर अजून आहे ना तुझ्याकडे?"

माझी पर्स खांद्याला होती. मी काही बोलायच्या आत काकूने ते लहान घर उचललं आणि त्यांच्या मांडीवर आदळल्यासारखं ठेवलं. "घ्या. दाखवा. कुठे चुकलंय ते दाखवा मला. भिंत कुठली, दार कुठलं, बोट ठेवून दाखवा." आता ती रडत होती आणि भांडतही होती.

काकांनी हात फिरवला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे तू उलटं ठेवलंयस."

"उलटं कसं? पुढचं दार तुमच्याकडे आहे. सरळच आहे."

"नाही. माझ्याकडे गॅलरी असते." त्यांनी फळी मांडीवर गरकन फिरवली. बोटं लगेच ओळखीच्या वाटेला लागली. गॅलरी, खोली, दार, डावीकडे बाथरूम. कडी. बोटं कडीवर थांबली. "अगं," ते हळूच म्हणाले, "टेबलाशी तू कुठे उभी असायचीस?"

"खिडकीशी."

"आणि मी?"

"तुम्ही समोर." बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. "आणि तुम्ही डावीकडे म्हणालात की मी तुमचं डावं धरायचे. गिऱ्हाइकाचं धरते तसं."

"आणि फळी फिरवायची नाही हा माझा नियम," काका म्हणाले. "क्लॅम्प सोडायचे नाहीत म्हणे! एवढे दिवस मी रोज गॅलरीतून घरात शिरत होतो." ते हसले नाहीत, पण खोक्यावरून उठले. "तुझं माप चुकलेलं नाही. मला गॅलरीत ने. हात दे, एवढा एकदा दे."

तिने दिला. पट्टी निघाली होती, बोटावर एक आडवी गुलाबी रेघ राहिली होती. मी त्यांच्या मागे गॅलरीपर्यंत गेले. काकांनी कठड्याला पाठ लावली, नीट उभे राहिले, आणि तिचा हात सोडला.

खोलीत आले. खाटेच्या कडेला गुडघा लागायच्या आधीच बाजूला झाले. दारातून बाहेर, बोळात. डावीकडे. काकूने हाताने माझा दंड धरला होता आणि तिची नखं मला रुतत होती. काकांचा तळवा दारावर पडला, दार ढकललं गेलं, ते आत गेले. दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

काकू तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि पदराने डोळे पुसायचंही विसरून रडली. मीही रडले. पर्समधला तो नंबर मी तिथे उभ्या उभ्या फाडून टाकला.

जरा वेळाने आतून हाक आली. "अगं, ऐकतेस ना? ही कडी शेवटाला घट्ट जातेय. कानस कुठल्या खोक्यात ठेवलीस?"

काकूने नाक ओढलं, घसा साफ केला. "ट्रेमध्ये आहे, मूठ तुमच्याकडे करून," ती म्हणाली. "टेबलावर ठेवते. बाहेर आलात की तुम्हीच उचला."